औषधशोधात संयुगं ‘पूल’ करून तपासणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुसद, वणी, आर्वी, चिमूर, गडचिरोली या बाजूच्या फार्मसी आणि विज्ञान महाविद्यालयांतून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवलं आहे: ३२० संयुगं, ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट, अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर (एन्झाइम) रोखण्याची चाचणी आणि ४०५ नॅनोमीटरवर वाचन. तुमची चाचणी वेगळी असेल तर आकडे बदला. हिशेबाची रीत तीच राहते.

१. पूलिंग म्हणजे नेमकं काय? सगळं एकत्र ओतलं तर कोणतं काम करतं ते कळणार कसं?

गावातल्या दूध संकलन केंद्राचं उदाहरण घ्या. चाळीस जणांचं दूध एका कॅनमध्ये आलं आणि कॅन तपासला. भेसळ निघाली नाही, तर चाळीसही जण एका चाचणीत सुटले. निघाली, तरच एकेकाचा नमुना तपासायचा. भेसळ करणारे थोडे असतील तर चाचण्या भरपूर वाचतात. निम्मे गावकरी पाणी घालत असतील तर कॅनची चाचणी फुकट गेली.

रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ मध्ये अमेरिकन सैन्यभरतीतल्या सिफिलिसच्या रक्ततपासणीसाठी हाच हिशेब मांडला. संयुगांचंही तसंच आहे: आठ-दहा संयुगं एका वेलमध्ये घालायची, निष्क्रिय पूल बाजूला टाकायचे आणि सक्रिय पूल ‘फोडून’ त्यातलं प्रत्येक संयुग वेगळं तपासायचं.

२. एका पूलमध्ये किती संयुगं घालावीत?

हे हिटच्या (खरोखर काम करणाऱ्या संयुगांच्या) अपेक्षित प्रमाणावर ठरतं. पूलमध्ये ‘ग’ संयुगं आणि हिटचं प्रमाण ‘प’ धरलं, तर दर संयुगामागे लागणाऱ्या चाचण्या अशा:

१/ग + १ − (१ − प)^ग

स्प्रेडशीटमध्ये ‘ग’ २ ते ४० असा उतरवा आणि सर्वांत लहान उत्तर शोधा. हिट १ टक्का असतील तर ११ चा पूल उत्तम, दर संयुगामागे ०.१९६ चाचणी. २ टक्क्यांना ८ चा पूल, ०.२७४. ५ टक्क्यांना ५ चा, ०.४२६. १० टक्क्यांना ४ चा, ०.५९४. तोंडी हिशेब हवा असेल तर १ ला ‘प’च्या वर्गमुळाने भागा आणि त्यात १ मिळवा. हिट साधारण ३०.७ टक्क्यांच्या वर गेले की कोणत्याही आकाराचा पूल तोट्याचाच.

आमच्या उदाहरणात २ टक्के धरू. ८ चे ४० पूल. त्यातले सरासरी ६ सक्रिय निघतील, म्हणजे ४८ संयुगं पुन्हा तपासायची. ४० अधिक ४८ म्हणजे ८८ चाचण्या, एकेक करून ३२० लागल्या असत्या. प्रत्येक वाचन दोनदा घ्यायचं आणि प्लेटचे १ व १२ हे स्तंभ नियंत्रणाला (पूर्ण क्रिया आणि पूर्ण रोध दाखवणाऱ्या तुलनेच्या वेलना) ठेवायचे, तर एका प्लेटवर ८० वेल उरतात: आठ प्लेटचं काम तीन प्लेटमध्ये होतं.

सूत्रातला आकडा ही वरची मर्यादा समजा. रसायनशास्त्र त्याला खाली खेचतं (प्रश्न ५ आणि ११). १० च्या पुढे जायला मन धजावत नसेल तर ते बरोबरच आहे.

३. हिटचं प्रमाण आधी माहीत असतं तर चाचणी केलीच कशाला असती?

बरोबर. पण अंदाज पुरतो, आणि अंदाज थोडा चुकला तरी फार बिघडत नाही. २ टक्के धरून ८ चे पूल केले आणि खरं प्रमाण १ टक्का निघालं, तर दर संयुगामागे ०.२०२ चाचणी लागते, सर्वोत्तम ०.१९६ होती. उलट दिशेची चूक महाग पडते: प्रत्यक्षात १० टक्के हिट असतील तर तेच पूल ०.६९५ खातात आणि दर दुसरा पूल फोडावा लागतो.

पहिल्या फेरीनंतर खरं प्रमाण पूलवरूनच काढता येतं. सक्रिय पूलांचा अंश ‘स’ असेल तर प = १ − (१ − स)^(१/ग). ४० पैकी ६ पूल सक्रिय म्हणजे स = ०.१५, आणि उत्तर ०.०२०१, म्हणजे २ टक्के. पहिल्या दहा पूलांतच चार-पाच सक्रिय दिसले तर तिथेच थांबा, पुढचे पूल लहान करा.

४. कोविडच्या वेळी ५ पेक्षा जास्त नमुने एकत्र करू नका असं सांगितलं होतं. मग इथे ८ कसे चालतात?

एप्रिल २०२० च्या आयसीएमआरच्या सूचनेत दोन गोष्टी होत्या: ५ नमुन्यांची मर्यादा, आणि जिथे बाधितांचं प्रमाण २ टक्क्यांहून कमी तिथे पूलिंग, २ ते ५ टक्क्यांत फक्त सर्वेक्षणासाठी, ५ टक्क्यांच्या वर नको. दुसरी अट प्रश्न २ मधल्या हिशेबाच्याच जातीची. पहिलीमागचं मोठं कारण म्हणजे नमुना पातळ होणं: एका बाधिताच्या स्रावात चार निरोगींचे स्राव मिसळले की विषाणू पाचपटीने विरळ होतो.

संयुगांच्या पूलमध्ये हे टाळता येतं. मूळ द्रावण इतकं तीव्र असतं की मिसळूनही प्रत्येक संयुग वेलमध्ये पूर्ण १० मायक्रोमोलर ठेवता येतं. इथली अडचण उलटी आहे: प्रत्येकी १० म्हणजे आठांचे मिळून ८० मायक्रोमोलर, आणि सोबत डीएमएसओ (संयुगं ज्यात विरघळवतात ते द्रावक).

५. पूल प्रत्यक्षात बनवायचा कसा? मापं सांगा.

मूळ द्रावणं १० मिलिमोलर, शंभर टक्के डीएमएसओमध्ये. आठ संयुगांचे प्रत्येकी ५ मायक्रोलिटर एका नळीत घ्या: ४० मायक्रोलिटर, प्रत्येक संयुग १.२५ मिलिमोलर. इथून थेट ०.८ मायक्रोलिटर वेलमध्ये घालण्याचा मोह होतो. घालू नका. हातच्या पिपेटने तेवढं माप विश्वासाने येत नाही, टोकाला चिकटलेला थेंबच त्याहून मोठा असतो. मधली पायरी घ्या: पूलचे १० मायक्रोलिटर आणि बफर ११५ मायक्रोलिटर. आता प्रत्येक संयुग १०० मायक्रोमोलर, डीएमएसओ ८ टक्के. यातले १० मायक्रोलिटर ९० मायक्रोलिटर अभिक्रियेत घातले की १० मायक्रोमोलर आणि ०.८ टक्के डीएमएसओ.

दोन्ही नियंत्रणांत हाच ०.८ टक्के डीएमएसओ हवा. नियंत्रणात तो विसरला की सगळेच पूल थोडे-थोडे ‘सक्रिय’ दिसू लागतात, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

सर्वांत नाजूक जागा मधल्या पायरीची. तिथे एकूण संयुगं ८०० मायक्रोमोलर असतात आणि तेलकट रेणू लगेच खाली बसतात. नळी काळ्या कागदासमोर धरून उजेडात पाहा. दुधाळ झाक दिसली तर तो पूल चारच्या दोन पूलांत वाटा. ही नळी करून ठेवायची नाही; केली की लगेच प्लेटवर.

६. आमची चाचणी पूलिंगच्या लायकीची आहे का, हे कसं तपासावं?

संयुगांना हात लावण्याआधी झेड-प्राइम (दोन्ही नियंत्रणं किती स्पष्ट वेगळी दिसतात याचा आकडा) काढा: १ मधून, दोन्ही नियंत्रणांच्या प्रमाण विचलनांच्या बेरजेची तिप्पट भागिले त्यांच्या सरासरींतला फरक, वजा करा. समजा पूर्ण क्रियेचं वाचन ०.९० (विचलन ०.०४) आणि पूर्ण रोखलेल्याचं ०.१० (विचलन ०.०२). मग १ − ३ × ०.०६ / ०.८० = ०.७७५. ०.५ च्या वर असेल तर पुढे जा. खाली असेल तर पूलिंगचा विचार सोडा आणि आधी चाचणी सुधारा. खराब चाचणीत पूलिंग केलं की चुका वाचत नाहीत, आठपट वाटल्या जातात.

७. पूल ‘सक्रिय’ म्हणायला किती टक्के रोध धरायचा? आमच्याकडे एकेका संयुगाला ३० टक्के धरतात.

पूलला तो आकडा लावू नका. आठ निरुपयोगी संयुगं प्रत्येकी ५ टक्के रोध करत असतील आणि परिणाम एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर उरलेली क्रिया ०.९५ चा आठवा घात, म्हणजे ०.६६. रोध ३४ टक्के, आणि आत हिट एकही नाही.

सीमा पूलांच्याच वाटणीवरून काढा. सगळ्या पूलांचं मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. प्रत्येक पूल मध्यकापासून किती दूर आहे ते काढून त्या अंतरांचं मध्यक घ्या, त्याला १.४८२६ ने गुणा: हे झालं न डगमगणारं विचलन. मध्यक अधिक त्याची तिप्पट ही सीमा. मध्यक १४ टक्के आणि अंतरांचं मध्यक ५ टक्के असेल तर १४ + ३ × १.४८२६ × ५ = ३६ टक्के. साधी सरासरी आणि प्रमाण विचलन इथे नको, कारण चार-सहा जोरदार पूल दोन्ही आकडे फुगवतात आणि मधले हिट सीमेखाली गडप होतात.

८. गाईड म्हणतात, प्रत्येक पूलला टी-टेस्ट लावून पी-व्हॅल्यू (काहीच परिणाम नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) द्या. द्यावी का?

दोन वाचनांवरून काढलेलं विचलन म्हणजे नशिबाचा खेळ. दोन आकडे योगायोगाने जवळ आले की भिकार पूलही ‘सार्थ’ ठरतो. शिवाय ५ टक्के पातळीवर ४० टेस्ट केल्या तर काहीच सक्रिय नसतानाही सरासरी दोन पूल सार्थ निघणार. प्रश्न ७ मधली सीमा वापरा. गाईडना पी-व्हॅल्यू हवीच असेल तर ती पुनर्चाचणीनंतर उरलेल्या मोजक्या संयुगांना, चार-सहा वाचनांवर द्या.

९. आडव्या-उभ्या पद्धतीने म्हणे फोडण्याची गरजच पडत नाही. खरं आहे का?

अर्धं खरं. ८० संयुगं ८ ओळी आणि १० स्तंभांच्या चौकटीत मांडायची. प्रत्येक ओळीचा एक पूल (१० संयुगं), प्रत्येक स्तंभाचा एक (८ संयुगं): १८ पूल. एकच हिट असेल तर एक ओळ आणि एक स्तंभ उजळतो, छेदावर संयुग सापडतं. दोन हिट वेगळ्या ओळी-स्तंभांत असतील तर चार छेद मिळतात: दोन खरे, दोन भुताटकीचे. तीन असतील तर नऊपर्यंत. म्हणून छेदांवरची संयुगं वेगळी तपासावीच लागतात.

तरीही आमचं मत या पद्धतीच्या बाजूचं आहे. ३२० संयुगांना अशा चार चौकटी, ७२ पूल. २४ नियंत्रणांसह बरोबर एक प्लेट भरते. हिट २ टक्के असतील तर साधारण ६ खरे आणि ७ भुताटकीचे छेद, म्हणजे १३ संयुगांची पुनर्चाचणी. प्रश्न २ मध्ये ४८ होती. तिथे तोच पूल दोनदा वाचला. इथे प्रत्येक संयुग दोन वेगळ्या शेजाऱ्यांसोबत वाचलं गेलं. एकाच नळीतून घेतलेली दोन वाचनं नळी भरतानाची चूक पकडू शकत नाहीत, वेगळ्या पूलमधली पकडतात.

किंमतही आहे. एका वाचनात हिट सापडण्याची शक्यता ०.९ असेल तर ओळ, स्तंभ आणि पुनर्चाचणी या तिन्हींतून पार होण्याची ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७३. साध्या दोन टप्प्यांत ०.८१. त्यामुळे ओळ स्पष्ट सक्रिय आणि स्तंभ सीमेच्या जरासा खाली, असे छेदही तपासायला घ्या. आणि ओळीच्या पूलमध्ये १० संयुगं असल्याने डीएमएसओ १ टक्का होतो, तो नियंत्रणांतही तेवढाच करा.

एक गफलत नेहमी दिसते: चौकटीतली ‘ओळ’ ही कागदावरची ओळ आहे. पूल प्लेटवर चिठ्ठ्या टाकून मांडा. चौकटीच्या क्रमानेच मांडले तर कडेच्या वेलचा दोष (प्रश्न १३) अख्ख्या चौकटीचा दोष होऊन बसतो.

१०. पूल ४७ टक्के रोध दाखवतो, पण फोडल्यावर आत एकही संयुग २० च्या वर नाही. चूक कुठे झाली?

कदाचित कुठेच नाही. फोडल्यावर १८, १५, १२ आणि पाच संयुगं ३-३ टक्के आली असतील, तर उरलेली क्रिया ०.८२ × ०.८५ × ०.८८ × ०.९७ चा पाचवा घात = ०.५३. रोध ४७ टक्के. हिशेब जुळला, पूल बंद करा.

जुळला नाही, म्हणजे पूल अपेक्षेपेक्षा बराच जास्त रोखत असेल, तर संशय गुठळ्यांवर घ्या. काही सेंद्रिय रेणू पाण्यात सूक्ष्म कलिली गोळे बनवतात आणि विकर त्यांवर चिकटून निकामी होतं. एकटा रेणू ज्या तीव्रतेला गोळे करत नाही, तिथे आठ मिळून करू शकतात. पूल ताजा बनवून ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (गुठळ्या मोडणारं साबणासारखं द्रव्य) घालून पुन्हा वाचा. रोध कोसळला तर तो गुठळ्यांचा होता. ट्रायटनमुळे विकराची स्वतःची क्रिया बदलत नाही ना, हे नियंत्रणात आधी पाहून ठेवा.

११. कोणती संयुगं एकत्र घालूच नयेत?

आल्डिहाइड आणि प्राथमिक अमाइन: डीएमएसओमध्ये ठेवल्या ठेवल्या शिफ बेस (दोघांच्या जोडातून होणारं संयुग) बनायला लागतो आणि तुम्ही तिसरंच काही तपासता. थायॉलसोबत चाल्कोन किंवा तसा कोणताही मायकेल स्वीकारक (थायॉल ज्याला जाऊन जोडला जातो असा रेणू) नको. चाल्कोन आणि शिफ बेस हा आपल्याकडच्या एम.फार्म. प्रबंधांतला नेहमीचा माल, म्हणून हे जास्त लक्षात ठेवा. शिफ बेस मोकळ्या अमाइनशी अदलाबदलही करतो. तीव्र आम्ल आणि आम्लारीधर्मी अमाइन एकत्र आले की क्षार खाली बसू शकतो. पिवळी, नारिंगी संयुगं एका पूलमध्ये कोंबू नका: विकराच्या क्रियेतून बनणारा आणि चाचणीत मोजला जाणारा पॅरा-नायट्रोफेनॉलही पिवळाच आणि वाचन ४०५ वर. रंग वाचनात मिसळला की रोध कमी दिसतो आणि खरा हिट लपतो. अशा पूलला विकर न घालता एक कोरा वेल ठेवून त्याचं वाचन वजा करा.

जिवंत पेशी किंवा जिवाणूंच्या चाचणीत आणखी एक: विषारी संयुग असलेल्या पूलमधली बाकी सात संयुगं तपासलीच गेली नाहीत असं धरा.

१२. जंगलातल्या वनस्पतींचे अर्क असे पूल करता येतील का? आमच्याकडे हिरडा, बेहडा, मोह, बेल, बिबा, भुईनीम असे बरेच आहेत.

अर्क हा मुळातच पूल आहे, शेकडो संयुगांचा. त्यात हिट ‘दुर्मीळ’ नसतात. विकराच्या चाचणीत निम्मे अर्क काहीतरी दाखवतात, आणि मग प्रश्न २ चा सगळा डोलारा पडतो. हिरडा-बेहड्यातले टॅनिन प्रथिनांना सरसकट धरतात. एक हिरडा आठांच्या पूलला सक्रिय करतो आणि त्यातून कळत काहीच नाही. टॅनिनवाले अर्क आधी पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोनवर फिरवून घ्या, नाहीतर पूलबाहेर ठेवा. बिबा हातमोज्यांशिवाय हाताळू नका, त्याचे फिनॉल कातडी फोडतात.

स्तंभ वर्णलेखनातून वेगळे केलेले अंश मात्र पूल करता येतात, ८ ऐवजी ३-४ चे. अर्काला रेणूभार नाही, त्यामुळे मायक्रोमोलरचा हट्ट सोडून मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅम लिहा.

१३. उन्हाळ्यात आकडे बिघडतात, हिवाळ्यात ठीक येतात. असं का?

हिवाळ्यातही बिघडतात, फक्त वेगळ्या रीतीने. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं. डिसेंबरात रात्रभर खोलीत राहिलेली बाटली सकाळी अर्धी घट्ट असते. वरचं पातळ ओढलं की तीव्रता चुकते. पूर्ण वितळवा, हलवा, मग घ्या. पावसाळ्यात तेच डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं, द्रावण विरळ होतं आणि काही संयुगं खाली बसतात. लहान नळ्यांत वाटून ठेवा, रोज एकच उघडा. वीज गेली आणि फ्रीजर वितळला तर तारीख नळीवर लिहा. नंतर एखादा हिट पुन्हा येत नाही तेव्हा ती कामी येते.

मे महिन्यात ९६ वेलपैकी कडेचे ३६ आधी सुकतात. झाकण ठेवा, कूलरचा झोत प्लेटवर येऊ देऊ नका. झोताच्या बाजूचा स्तंभ वेगळा वाचतो. तरीही कड दिसली तर प्लेटवर मध्यकांची घासाई (मीडियन पॉलिश) करा: प्रत्येक ओळीतून तिचं मध्यक वजा, मग प्रत्येक स्तंभातून त्याचं, आकडे स्थिरावेपर्यंत. पूल चिठ्ठ्या टाकून मांडले असतील तरच हे चालतं.

१४. एकसारख्या रचनेची संयुगं एका पूलमध्ये ठेवावीत की विखरावीत?

निव्वळ संख्याशास्त्र म्हणतं एकत्र ठेवा: हिट थोड्या पूलांत गोळा होतात आणि फोडायचे पूल कमी होतात. पण एकाच सांगाड्याची आठ दुबळी संयुगं एकत्र आली की प्रश्न १० मधला प्रकार ठरलेला. मालिका दुबळी असल्याची शंका असेल तर विखरा. एक-दोन रेणू जोरदार आणि बाकी शून्य अशी अपेक्षा असेल तर एकत्र ठेवा. काहीच माहीत नसेल तर विखरा.

१५. निष्क्रिय पूलमध्ये हिट लपला नाही, हे सिद्ध कसं करायचं?

सिद्ध होत नाही, मर्यादा घालता येते. निष्क्रिय पूलांतली ३० संयुगं चिठ्ठीने काढून वेगळी तपासली आणि एकही हिट निघाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की लपलेले १० टक्क्यांहून कमी आहेत (३ भागिले ३०). १ टक्का म्हणायला ३०० तपासावी लागतील, मग पूल केले कशाला?

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पेरणी. तुमच्याच चाचणीत साधारण ६० टक्के रोध देणारं ओळखीचं संयुग, सहकाऱ्याकडून गुप्त क्रमांक टाकून, काही पूलांत घाला. चारपैकी चार सापडले तर खूश होऊ नका, सापडण्याच्या शक्यतेची खालची मर्यादा फक्त ४७ टक्के निघते. दहापैकी दहा सापडले तर ७४.

पेरायला ॲकार्बोज (हेच विकर रोखणारं मधुमेहाचं औषध) घेणार असाल तर विकर कुठलं आहे ते पाहा. यीस्टच्या अल्फा-ग्लुकोसिडेजवर ॲकार्बोज फार दुबळं आहे, सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या विकरावर जोरदार. ‘आमचं संयुग ॲकार्बोजपेक्षा सरस’ हे यीस्टच्या विकरावर म्हणणं म्हणजे लंगड्याशी शर्यत जिंकणं.

१६. पूलच्या आकड्यावरून आयसी५० (विकराची निम्मी क्रिया रोखणारी तीव्रता) काढता येईल का?

नाही. पुनर्चाचणीत टिकलेलं संयुग, ताजं द्रावण, किमान सहा-आठ तीव्रता, त्यानंतरच.

१७. संगणकाने पूल आखणाऱ्या नव्या पद्धती वापराव्यात का?

प्रत्येक संयुग तीन-चार पूलांत घालून गणिताने उकल करणाऱ्या पद्धती आहेत, आणि यंत्रमानव द्रव वाटत असेल तर त्या उत्तम चालतात. हातच्या पिपेटने ३२० संयुगं प्रत्येकी चार वेगळ्या पूलांत म्हणजे १,२८० वेळा ओतणं. पन्नासेक वेळा ओतून झालं की नळ्या चुकतात, आणि चुकलेली नळी गणिताला दिसत नाही. साध्या दोन टप्प्यांच्या हिशेबासाठी ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणक-प्रणालीतलं बिनग्रुप पॅकेज किंवा स्प्रेडशीट पुरे.

१८. प्रबंधात पूलिंगबद्दल काय काय लिहावं?

पूलचा आकार आणि तो कसा ठरवला, कोणतं संयुग कोणत्या पूलमध्ये, याचा पूर्ण तक्ता, वेलमधली प्रत्येक संयुगाची आणि एकूण तीव्रता, डीएमएसओचं प्रमाण, प्रत्येक प्लेटचा झेड-प्राइम, सीमा आणि तिचं सूत्र, किती पूल फोडले, किती भुताटकीचे निघाले, पेरलेल्यांपैकी किती सापडले. मिसळलेली पण रद्द केलेली संयुगंही लिहा. ‘३२० संयुगं तपासली’ असं लिहून त्यातली २४ दुधाळ पूलमध्ये गेली असतील, तर तपासलेली २९६ आहेत.

पूलांचा तक्ता नळ्या भरण्याआधी छापून घ्या आणि ओतताना प्रत्येक घरावर पेनाने खूण करा. संगणकातल्या तक्त्यावर नंतर आठवून केलेल्या खुणांचा उपयोग नाही.